आडवी खुर्ची

अमेरिकेत आमच्या हर्नडन गावच्या शनिवारच्या बाजारात एक घानाचा म्हातारा लाकडातून तिकडच्या अशांती जमातीच्या राजाचा दरबार कोरत बसायचा. छत्रधारी, ढोलवाले, मधोमध राजा. पातळ ढलप्या उन्हात तरंगत खाली यायच्या आणि मी भाजी घ्यायची विसरायचे.

कॉफीला उठताना तो आपली घडीची खुर्ची हळूच आडवी करायचा. वाऱ्यानं पडली समजून मी एकदा ती उभी केली.

"नो, नो," तो हसत म्हणाला, "आमचा राजाही उठला की आसन आडवं ठेवतात. नाहीतर एखादा भटका आत्मा येऊन बसतो."

घरी जेवणाच्या टेबलाशी बाबांची खुर्ची आहे. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नाही. त्या संध्याकाळी ती आडवी करायला गेले, आणि थोडी मागे ओढून ठेवली, बसता येईल एवढी.