जावयाच्या पाठीवर

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. शेलूबाजारला माझं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, तिथे असलं काही बोलणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. तरी हे लिहितोय... कारण डोक्यातून जात नाही.

माझ्या भाचीचं, ऋतुजाचं, लग्न कोरियाच्या मुलाशी ठरलं. मिन्हो लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतो. म्हणून लग्न वाशिमजवळच्या एका कलासंग्रहालयात, आणि सजावट सगळी पुस्तकांची. कमानीला पुस्तकं, टेबलांवर पुस्तकं, आहेरही पुस्तकांचाच. मेडशीची माझी बहीण, म्हणजे नवरीची आई, हे पाहून दारातच थांबली.

कारण सांगतो. ऋतुजा शाळेत असताना शेततळ्याच्या काठावर पुस्तक वाचत बसली होती. तिची धाकटी बहीण चिमी शेजारी खेळत होती. वाचण्याच्या नादात हिचं लक्ष राहिलं नाही आणि पोरगी पाण्यात बुडून गेली. तेव्हापासून ताई ऋतुजाशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं तर मला सांगायची, मी पुढे पोचवायचो.

"जावयाले सांगितलं नाही काय?" मी ऋतुजाला बाजूला घेऊन विचारलं.

"मले बहीण होती हेच नाही सांगितलं, मामा. हिंमतच नाही झाली. मंग पुस्तकं नको, असं कोण्या तोंडानं म्हणू?"

असा राग आला मला... पण ती रडायला लागली.

ताईला कसंबसं पहिल्या रांगेत बसवलं. अक्षता पडल्या. मग कोरियाच्या रीतीप्रमाणे दोघांनी कापड धरलं, मोठ्यांनी त्यात खारका टाकल्या. शेवटी नवऱ्याने नवरीला पाठकुळी घेऊन हॉलभर फेरी मारायची. भरदुपार होती. लोक हसत होते, व्हिडिओ काढत होते.

मिन्हो चांगला दणकट गडी. अर्ध्यात आला आणि ओझं वाढल्यासारखा एकदम वाकला. मी धावलो. त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. हळूच म्हणाला, "मामाजी, पीछे दो हैं।"

ऋतुजा खाली उतरली. त्याचा कोरियन रेशमी झगा पाठीवर चिंब भिजलेला — आणि वास शेवाळाचा. ऋतुजाचे कपडे मात्र कोरडे. तिची बाही मी स्वतः चाचपून पाहिली. कुठे पाणी सांडलं नव्हतं, छत गळत नव्हतं.

ताई उठली. त्या ओल्या पाठीवरून तिने हात फिरवला. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऋतुजाकडे पाहून बोलली, "तुले जायचं तं जाय. तिले इथंच ठेव."



ऋतुजा आणि मिन्हो आता कोरियातच असतात. जावयाची पाठ डॉक्टरांनी तपासली, काही नाही म्हणे. ते पाणी कुठून आलं, मला आजही ठाऊक नाही. कोणाला कळलं तर सांगा.

ताई आता दिवसभर बोलते. जेवताना घास बाजूला धरते, "खाय चिमे माय," म्हणते. बाजूला कोणी नसतं.

ऋतुजाचा फोन येतो. "मामा, आई बोलते काय आता?"

"बोलते ना बेटा," मी म्हणतो. कोणाशी, ते सांगत नाही.