मर्विनची मोजणी

रीनो शहरात रस्ते खात्यात मोजणीदार असलेल्या मर्विन लिंडक्विस्टने ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात कॅसिनोवर मात करायची विद्या चाळिशीत उचलली आणि बायकोलाही शिकवली. आर्डिस तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. जेवणं आटोपली की टेबल पुसून दोघं समोरासमोर बसत. दुरी ते छक्की यांतला पत्ता निघाला की मनात एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का निघाला की एक वजा करायचा. बेरीज चढली म्हणजे मागे मोठे पत्ते उरलेत, तेव्हाच पैसे लावताना हात सैल सोडायचा. ऐकायला एवढंच. पण ओठ न हलवता, शेजारच्याशी गप्पा मारत हे जमायला आर्डिसला दीड वर्ष लागलं. मर्विन मुद्दाम रेडिओ मोठ्याने लावी आणि मध्येच विचारी, "बटाटे संपले का गं?" ती उत्तर द्यायला गेली की बेरीज गेलीच.

त्यांना मूल नव्हतं. शनिवार दुपार या खेळाची. आर्डिस कॅसिनोत आधी जाऊन किरकोळ खेळत बसायची. बेरीज चढली की चष्मा काढून पुसायची, मग मर्विन अनोळखी माणसासारखा येऊन शेजारी बसायचा. "इथे कोणी बसलंय का?" असं तो अदबीने विचारी, तेव्हा लग्नाला वीस वर्षं झालेल्या आर्डिसला चोरून भेटल्यासारखं वाटे. श्रीमंत काही झाले नाहीत. घरावर नवं छप्पर आलं, इतकंच. पण दोन कॅसिनोंनी मर्विनला खेळायला बंदी केली आणि ती गोष्ट तो पाहुण्यांना पदक दाखवावं तशी सांगे.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी तो सरावाला बसला. सगळे बावन्न पत्ते उलटले की बेरीज शून्य यायला हवी. मर्विन म्हणाला, "पाच." तो हसला, त्याने पत्ते पुन्हा पिसले. या वेळी उणे तीन आले. तिसऱ्यांदाही चुकल्यावर त्याने गड्डी आपटली आणि कोणीतरी पत्ता काढून घेतलाय म्हणून आर्डिसकडे संशयाने पाहिलं. तो आंघोळीला गेल्यावर तिने पत्ते मोजले. बावन्न होते. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी जे सांगितलं, ते तिला त्या सकाळीच कळलं होतं.

मर्विनला मात्र खेळायला जायचंच होतं. रोज कोट घालून दारात उभा. शेवटी एका दुपारी ती त्याला घेऊन गेली. बंदी केलेल्या दोहोंपैकीच एका कॅसिनोत तो शिरला आणि तिला अडवता आलं नाही. तिथला देखरेखीचा प्रमुख हॉलिस, ज्याने त्याला पूर्वी बाहेर काढलं होतं, आता केस पिकून म्हातारा झाला होता. त्याने मर्विनला ओळखलं. पाव तास लांबून पाहिलं. मर्विन पत्ते पाहून बोटांवर मोजत होता, एकवीसच्या पुढे गेलं की डाव हरतो तरी अठरावर पत्ता मागत होता. हॉलिस आर्डिसजवळ आला.

"मिसेस लिंडक्विस्ट, बसू दे त्यांना. आता आमची काही हरकत नाही."

त्याने चांगुलपणानेच म्हटलं होतं. आर्डिसला मात्र ते बंदीपेक्षा जास्त लागलं.

"एक उपकार कराल?" ती म्हणाली. "त्याला बाहेर काढा. पूर्वी काढलं होतंत ना, तसंच."

हॉलिसने तिच्याकडे पाहिलं. मग कोटाची बटणं लावून तो टेबलाशी गेला.

"मिस्टर लिंडक्विस्ट, उठावं लागेल. तुमच्यासारख्या खेळाडूला इथे बसू देणं आम्हाला परवडत नाही."

मर्विन सावकाश उठला. पाठ ताठ झाली. त्याने पत्ते वाटणाऱ्या मुलीला नमस्कारासारखी मान लववली आणि बाहेर उन्हात आल्यावर आर्डिसला म्हणाला, "फार लवकर ओळखलं गं त्यांनी." ती हो म्हणाली, आणि गाडीची किल्ली शोधण्याच्या निमित्ताने पर्समध्ये डोकं घालून रडली.

त्यानंतर त्याने खेळायला जायचं नाव काढलं नाही. वर्षभराने त्याला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. आर्डिस रोज सूप घेऊन जाई. तो तिला आपली मेलेली बहीण समजून ग्रेटा म्हणे, आणि आई रागावली नाही ना, असं विचारी. सुरुवातीला आर्डिस त्याची चूक दुरुस्त करायची. पुढे तिने ते सोडलं. मार्चमध्ये तो गेला, तेव्हा ती ग्रेटा होऊनच त्याचा हात धरून बसली होती.