शेजारच्या फ्लॅटचं पाणी

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही... निदान नव्हता.

मी मुलुंडला राहतो, सातव्या मजल्यावर, ७०३ मध्ये. आई गेल्यापासून एकटाच. कामही घरूनच, त्यामुळे कधी कधी अख्खा दिवस तोंडातून शब्द निघत नाही. आमची कंपनी सोसायट्यांच्या पाण्याच्या मीटरचा डेटा सांभाळते. आमच्या बिल्डिंगलाही तेच मीटर आहेत. अपवाद फक्त ७०४. तिथे मालवणकडच्या काकू एकट्या राहतात. मीटर लावायला माणूस आला तेव्हा त्यांनी दारातूनच मला सुनावलं, "माझ्या पाण्याचो हिशोब तू कित्याक ठेवतंस रे?" विषय संपला.

आता थोडं कामाचं. हा डेटा अनेक मशीनवर वाटलेला असतो आणि प्रत्येक नोंदीची ओळख दोन गोष्टी मिळून बनते — आधी फ्लॅट नंबर, मग वेळ. म्हणून "७०३, सकाळपासून आतापर्यंत" अशी क्वेरी केली, म्हणजे डेटाकडे मागणी केली, की तेवढ्याच नोंदी ओळीने येतात. त्यातला 'आतापर्यंत' हा शेवट द्यायला विसरलात तर मात्र उत्तर पुढच्या फ्लॅटमध्ये घुसतं. आमच्यात ही चूक सगळ्यांनी केलेली आहे.

त्या बुधवारी दुपारी मी नवीन कोड नेहमीसारखा स्वतःच्याच घरावर तपासत होतो. माझ्या नोंदी आल्या. त्यांच्याखाली ७०४ च्या आल्या. सकाळी थोडं पाणी, मग शून्य, शून्य, शून्य...

ऑफिसातल्या नीलेशला फोन लावला. "शेवट दिला नसशील यार," तो म्हणाला. दिला होता. "अरे, पण तिथे मीटरच नाही ना," मी म्हटलं. तो माझा कोड उघडून बघू लागला.

माझ्या डोक्यात मात्र एकच आलं — आज बुधवार, काकूंचा माशांचा वार, आणि त्यांनी अजून मासे धुतले नाहीत? बेल वाजवली, उत्तर नाही. त्यांची जादा किल्ली आईच्या काळापासून आमच्याकडे असते. आत गेलो तर काकू बाथरूममध्ये पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, हाक मारायचंही त्राण नाही. आधी हाका मारल्या होत्या म्हणे. मधे एक भिंत, आणि माझ्या कानात सकाळपासून हेडफोन. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ते ऐकून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.

नंतर तीच क्वेरी परत चालवली. फक्त ७०३. ७०४ च्या नावाने कुठल्याच मशीनवर काही नाही, कधी नव्हतंच. स्क्रीनशॉट काढायला हवा होता, असं नीलेश म्हणतो. खरंय, पण तेव्हा मी किल्ली शोधत होतो. ते आकडे कुठून आले, मला आजही सांगता येत नाही.

काकू घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. एवढंच विचारलं, "आणि तुझ्या पाण्यार कोण लक्ष ठेवता?"

"कंपनी," मी म्हणालो.

काकूंनी काठी समोरच्या लादीवर आपटली. "तू लादयेर पडलंस तर कंपनी येतली उचलूक?"