रस्त्याकडची भिंत

पूल संपेपर्यंत मिस्त्री मागे न बघता झपाझप चालत राहिला. नगरपालिकेच्या कचेरीतून निघाल्यापासून तो पुढे आणि त्याच्या थोरल्या भावाची बायको मागे. शेवटी वहिनींनीच हाक मारली, "भावोजी, जरा दमानं. माझे गुडघे तुमच्या रागावर चालत नाहीत."

तो थांबला. राग होता तो स्वतःवरच.

उभा जन्म त्याने घरं पाडली आणि बांधली. वाकडं काही म्हणून त्याला खपत नसे. दुसऱ्याकडे जेवायला बसला तरी लाद्यांचे सांधे न्याहाळायचा. बायको कोपराने ढोसायची, "अहो, ताटात बघा!" असा भाऊ घरात असताना थोरल्या बहिणीने, अक्काने, आपल्या घराचं काम डोळे मिटून त्याच्यावर सोपवलं.

अक्काचं घर अगदी रस्त्याला खेटून. नव्याने बांधायचं तर नियमाप्रमाणे आत सरकावं लागणार, आणि जागा एवढीशी की जेमतेम एक खोली उरली असती. या धंद्यातले लोक त्यावर एक वाट काढतात. रस्त्याकडची जुनी भिंत तेवढी ठेवायची आणि मागचं सगळं पाडायचं. भिंत उभी असली की ती दुरुस्ती, मग जुन्याच जागेवर घर होतं. तशी परवानगी निघाली होती. अर्ज वहिनींनी लिहून दिले होते.

छप्पर उतरलं, मधल्या भिंती गेल्या. मग रस्त्याकडच्या भिंतीवर त्याने हात ठेवला, तर ती बाहेर झुकलेली आणि आतून पोकळ. खालून माणसं जात होती. टेकू लावायचा, कचेरीत कळवायचं आणि साहेब येऊन बघेपर्यंत थांबायचं, हे काय त्याला कोणी शिकवायला हवं होतं? पण समोर वाकडी भिंत आणि हातात पहार. दिवस मावळायच्या आत त्याने ती उतरवली, विटा रचल्या, रस्ता झाडून दिला.

आज साहेब म्हणाले, "भिंतच नाही, तर दुरुस्ती कशाची करता?" मग आवाज उतरवून, "आपोआप पडली, असं समोरच्या घरातून कोणी लिहून दिलं तर बघता येईल."

समोरचं घर वहिनींचं.

"अक्काला आता काय सांगणार?" वहिनींनी विचारलं.

"साहेब रजेवर होते म्हणून सांगतो."

"परत? एवढी रजा मिळत असती तर आपणच नसतो का चिकटलो तिथं?"

त्याला हसू फुटलं, पण टिकलं नाही. अक्का सध्या त्याच्याच स्वयंपाकघरात पडदा लावून झोपते. सकाळी चहा देताना विचारते, "माझ्या खिडकीची चौकट नीट ठेवलीस ना रे?" तो मान हलवतो. ती चौकट बसवायला भिंत कुठली आणणार, हे त्याच्या तोंडून निघत नाही.

घराच्या वळणावर तो अडखळला.

"वहिनी, तुमचा देवधर्म मला ठाऊक आहे."

"मी खिडकीतच उभी होते, भावोजी. तुम्ही पहार मारताना पाहिलंय मी."

"म्हणून तर दुसऱ्या कोणाकडे जाता येत नाही." त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "एवढं एक लिहून द्या. भिंत आपोआप पडली म्हणून. पाप लागेल ते माझ्या माथी मारा, देवालाही तसंच सांगा. पण अक्काचं घर होऊ द्या."