कपाटावरचं चांगलं चाक

१९९०च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत मी कुवेतमध्ये रोज तासभर सायकल चालवली आणि एक इंचसुद्धा पुढे गेले नाही. फहाहीलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, सोफा आणि फ्रीज यांच्या मधल्या जागेत एक लोखंडी स्टँड होता. त्यात सायकलचं मागचं चाक अडकवायचं, ते खालच्या रुळाला घासत गरगरायचं, आणि मी पायडल मारत बसायची. समोर फ्रीजवरचं कॅलेंडर होतं तिथेच असायचं.

हा उद्योग शर्यतीसाठी होता. डिसेंबरात आमच्या सांगलीकडे घाट चढून जायची बायकांची शर्यत व्हायची. कॉलेजात असताना मी तिच्यात दोनदा दुसरी आले होते. दुसरी येणं फार वाईट, विसरताच येत नाही. मग लग्न झालं, नर्सची नोकरी घेऊन कुवेतला आले, तिशी आली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. घरात ह्यांच्याशिवाय कुणाला ते पटलं नव्हतं. हे आमच्याच हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. सगळं आयुष्य काचपट्ट्यांवर गेलेलं, सायकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणाले, "उतर की. मी येतो बघायला."

बाहेर चालवायची सोय नव्हती. रस्त्यावर गाड्या अंगावर यायच्या, त्यातून सायकलवर बाई दिसली की ड्रायव्हर मान वळवून बघायचे आणि गाडी माझ्याच दिशेला यायची. मे लागला की दुपारी बाल्कनीच्या कठड्यालाही हात लावता येत नसे. म्हणून स्टँड.

पहिल्या तीन आठवड्यांतच सोफ्याखाली काळी भुकटी दिसायला लागली. ह्यांना वाटलं मुंग्या झाल्या. त्यांनी आठवडाभर इमानेइतबारे औषध मारलं. शेवटी मी चाक फिरवून बघितलं तर टायर मधोमध सपाट झालेला. माझा परदेशी, हलका, जिवापाड जपलेला टायर रुळावर किसला गेला होता. राग माझ्या नाकावरच असतो. मी स्टँडला, सायकलला आणि शेवटी ह्यांना बोलले. हे शुक्रवारी जुन्या बाजारातून एक मागचं चाक घेऊन आले.

"हे घरात घासायला," ते म्हणाले. "तुझं चांगलं चाक नवा टायर घालून ठेवून दे. शर्यतीलाच काढायचं."

लॅबमधल्या माणसाला हे सुचलं याचं मला नवल वाटलं. जुन्या चाकाला आऊट होता, ते डुलत डुलत फिरायचं, आवाजही करायचं, पण घासायला काय, तेवढं पुरे. चांगलं चाक कपाटावर गेलं. कपाटावर ठेवलेल्या वस्तूला आपल्याकडे जो मान मिळतो तो त्याला मिळाला. येता-जाता मी वर बघायची.

आवाजाचं प्रकरण मात्र खालच्या मजल्यापर्यंत पोचलं. खाली रत्नागिरीकडच्या एक चाची राहायच्या, मुलगा-सुनेजवळ. एक दिवस दारावरची बेल वाजली. बघते तर चाची, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकताहेत आणि हातात गव्हाचा डबा.

"दोन किलोच आहे गो," त्या म्हणाल्या. "जरा बारीक दळ."

मला काही कळेना. चाचींना वरून रोज संध्याकाळी घरघर ऐकू यायची, त्यांनी ठरवून टाकलं होतं की मी घरात पिठाची गिरण घातली आहे आणि कुणाला सांगत नाही. पाकिटातल्या मैद्यासारख्या पिठाला कंटाळलेल्या त्या बाईनं मुलाला सगळा बाजार फिरवून गहू आणायला लावले होते. मी त्यांना आत नेऊन सायकल दाखवली. त्यांनी स्टँडभोवती एक चक्कर मारली.

"म्हंजे एवढं फिरवतेस नि दळत काहीच नाहीस?"

मला आजवर कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मग त्या रोज येऊन सोफ्यावर बसायच्या, मी पायडल मारायची आणि त्या माझ्या वेगावर टीका करायच्या. चाकांना धूळ बसते म्हणून त्यांनीच घरच्या जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, निळ्या, पांढऱ्या फुलांच्या. कापड वाया जायला नको म्हणून दोन्ही अगदी सारख्या.

मला रजा जुलैत मिळाली, ह्यांना नोव्हेंबरात. मी सायकल घेऊन पुढे जायचं, सांगलीत घाटावर सराव करायचा आणि ह्यांनी शर्यतीला यायचं, असं ठरलं. निघायच्या दिवशीही माझी ड्यूटी होती, म्हणून सायकल ह्यांनी खोलून खोक्यात भरली. मी दहा वेळा बजावलं होतं, चांगलं चाक घाला.

सांगलीत पोचल्यावर प्रवासाचा शीण, माहेरची सरबराई यांत आठवडा गेला. मग एका बुधवारी खोकं उघडलं, निळी पिशवी सोडली आणि आतून तो सपाट टायरचा डुलणारा अवतार बाहेर आला.

मी तशीच फोनच्या बूथवर गेले. मागे रांग होती, सगळ्यांनी ऐकलं. ह्यांना आधी कळेचना. मग म्हणाले, "अगं, पिशव्या सारख्या होत्या. नोव्हेंबरात येताना आणतो की."

"नोव्हेंबरात आणून काय त्याचं लोणचं घालू? सराव कशावर करू मी?"

"बरं, कुणी येणारं मिळालं तर पाठवतो."

"तुमच्यावर विसंबले तिथंच माझं चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही नका येऊ. नुसतं चाक पाठवा."

आणि फोन आपटला. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी रेडिओवर बातमी आली की पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. मी पुन्हा त्याच बूथवर गेले. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. बूथवाला मला बघितलं की आधीच मान हलवायचा. काय व्हायचं आमचं, हे कुणी बोलत नव्हतं, पण आई मला न विचारता माझ्या ताटात वाढायची आणि मी ते उष्टं टाकायची. मी बोललेली ती चार वाक्यं मला रोज ऐकू यायची. माझ्याच आवाजात, वर रांगेतल्या माणसांच्या हसण्यासकट. शर्यतीचा फॉर्म भरायची मुदत गेली, ते मला नंतर कळलं.

सात आठवड्यांनी ओळखीच्या एकाकडून निरोप आला, अम्मानहून विमानानं येताहेत. मी मुंबईला गेले. विमानतळाच्या बाहेर गर्दी नुसती उसळत होती. हे बाहेर आले ते मी ओळखलेच नाहीत. दाढी वाढलेली, गाल बसलेले, खांद्याला एक कापडी पिशवी आणि दंडाला धरून चाची. मागून त्यांचा मुलगा आणि सून, दोघांच्या कडेवर एकेक पोर.

मी पुढे धावले. काय बोलायचं ते मी सात आठवडे घोकलं होतं. ह्यांनी चाचींना मुलाच्या हवाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे कसं, चुकलेल्या विद्यार्थ्यानं बाईंकडे बघावं तसं.

"चाक बसवर टाकून वाळवंटातल्या निर्वासितांच्या तंबूपर्यंत आणलं होतं," ते म्हणाले. "तिथून पुढे चालायचं होतं. चाचींचे गुडघे आखडले, त्यांना सोडून चाक उचलता येईना."

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"चाक नाही आणता आलं गं," ते म्हणाले. "नुसता मीच आलोय."

त्या गर्दीत मी त्यांचा हात धरला तो सांगलीच्या एसटीत बसेपर्यंत सोडला नाही.