प्रयागच्या येसरची आमटी

डोळे मिटलेत, पण झोप अजून आलेली नाही. मंगल कार्यालयाच्या कोठीत तांदळाच्या पोत्याला डोकं टेकून मी पडलेय. बाहेर मांडववाले खुर्च्या लावतायत, त्यांचा खडखडाट हळूहळू लांब जातोय. हळदीची जेवणं उरकली, लग्न गोरज मुहूर्तावर आहे, तेव्हा आता थोडा वेळ आमच्या हाताला काम नाही. नागनाथ आचारी, आमचा म्होरक्या, दारातून डोकावून म्हणाला, "गोदाबाई, पडा जरा. तोंड बघा कसं झालंय." मी म्हटलं, माझं तोंड जन्मापासून असलंच आहे. तो हसत गेला. मला काही हसू आलं नाही.

लग्न आमच्या प्रयागच्या लेकीचं आहे. प्रयाग आणि मी, आम्ही दोघींनी उमर एकाच भट्टीपुढं काढली. पोळ्या तिच्या, आमटी माझी, आणि भांडण दोघींचं. गेल्या दिवाळीनंतर काविळीनं गेली बिचारी. तिच्या रेणुकाला बाप आठवतही नाही, आणि आता आईपण गेली, तेव्हा आम्ही कॅटरिंगवाल्यांनीच ठरवलं की पोरीच्या लग्नाचं आपण रांधायचं. मी तिला विचारलं, "काय करू गं तुझ्यासाठी? बासुंदी, श्रीखंड, तोंडातून निघायचा उशीर." तर पोरगी म्हणाली, "मावशी, आईची येसरची आमटी कर. बाकी तुम्हाला वाटेल ते."

आमच्या परभणीकडं येसर काही नवलाई नाही. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं भाजून दळायचं, आणि ते पीठ पाण्यात कालवून आमटीला लावायचं. त्यात प्रयागची तर मला तोंडपाठ. आमच्यात अशी रीतच आहे, लसूण सोलायला बसलं की एकेकानं आपल्या घरचा पदार्थ सांगायचा, आणि शेवटची पंगत उठली की तो करून सगळ्यांना खाऊ घालायचा. दिवसभर जिलबीचा वास घेतल्यावर जिलबी कुणाला गिळतेय? नागनाथ हुलग्याचं माडगं करतो, त्याची आजी तापात पाजायची म्हणे. मी शेंगोळे करते. प्रयागनं येसरची आमटी केली की आमची माणसं पातेलं भाकरीनं पुसून खायची.

तशीच्या तशी मी काल करून बघितली. नागनाथनं चाखली आणि गमछा डोळ्याला लावला. सगळे म्हणाले, प्रयागबाई उठून आल्यासारखं वाटलं. आणि रेणुकानं काय केलं? दोन घोट घेतले, "छान झालीय मावशी" म्हणाली आणि अर्धी वाटी तशीच ठेवून गेली. आज सकाळी मी पुन्हा केली, ती हळदीच्या अंगानं आली, पुन्हा तेच. छान झालीय. अगं, पाहुण्यासारखं छान काय म्हणतेस मला? संध्याकाळी ही पोरगी नांदेडला सासरी जाईल. आईची म्हणून एवढी एक वस्तू मागितली लेकरानं, आणि माझ्या हातून ती होईना. मला स्वतःचाच राग येतोय.

खुर्च्यांचा आवाज थांबलाय.

"काय कण्हायलीस गं मघापासून?"

पोत्यांच्या पलीकडं प्रयाग बसलीय. मांडीत सूप, सुपात लसूण. साडी तीच, विटकरी रंगाची, पदर कमरेला खोचलेला. ती मेलीय हे मला ठाऊक आहे. तरी भीती वाटत नाही, उलट जीव थंड होतो.

"तू कधी आलीस?"

"आलेच नाही. तूच आलीस."

मी उठून बघते, तर कोठी कुठंय? आम्ही टेम्पोत बसलोय, मागं, पातेल्यांच्या मधे, काम उरकून परतताना बसायचो तशा. टेम्पो चाललाय पण हादरे नाहीत, झाऱ्यांचा आवाज नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं नाहीत, खांबांवर मांडवाची झालर लावलेली, ती संपतच नाही.

"रेणू कुणाला दिली?" ती विचारते.

"नांदेडचा आहे. मोटारीच्या शोरूममध्ये कामाला. नाकीडोळी बरा आहे. जेवतो चांगला."

"जेवतो ना? मग झालं."

ती लसूण सोलतेय. पाकळ्या सुपात पडतात, पण सूप काही भरत नाही. माझा धीर सुटतो. तिला काही लवकर सांगता येतं का? जिवंत होती तेव्हाही एक गोष्ट विचारायला अर्धा तास लागायचा.

"प्रयाग, तुझी आमटी जमेना मला. पोरीला आवडेना."

"कशी करायलीस?"

मी सांगते. ज्वारी किती भाजायची, डाळ कुठल्या रंगावर उतरायची, खोबरं शेवटी घालायचं, लसूण ठेचून फोडणीत, पाणी उकळतं. ती मान डोलावतेय. डोळे मिटून ऐकतेय.

"बरोबर आहे की सगळं," ती म्हणते.

"मग चुकतं कुठं?"

"मला काय माहीत माय? इकडं भूक लागत नाही. चव म्हणजे काय ते पण आठवेना झालंय."

"हे बघ, मला बनवू नको. तू काहीतरी हातचं राखलंयस. आम्हाला सांगताना एखादी वस्तू गाळलीस."

"देवाशपथ नाही."

देवाशपथ म्हटलं की ती खोटं बोलतेय हे मला कळतं. जिवंतपणीही असंच. मी तिच्या मांडीवरचं सूप ओढून घेते. "पोरगी संध्याकाळी जाणार आहे," मी म्हणते. "मी तिला काय तोंड दाखवू? तुला काय तोंड दाखवू? तुझं नाव घेऊन काहीतरी भलतंच तिच्या पानात वाढायचं का मी?"

 टेम्पो थांबतो. मागचा फळका खाली पडतो आणि समोर तिचं घर आहे, गावाबाहेरच्या वस्तीतली ती एक खोली. आम्ही आत जातो. खोली नेहमीएवढीच आहे, पण आत लांबच लांब पंगत मांडलीय, पत्रावळी, द्रोण, पाण्याचे पेले, आणि बसायला माणूस नाही. पार शेवटी एक गोधडी पसरलीय, तिच्याखाली लहान लेकराएवढा उंचवटा. त्याच्या अलीकडं रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला आहे. भर्रर्र असा एकसारखा आवाज. वर छोटं पातेलं.

"बस," प्रयाग म्हणते.

मी पंगतीतच बसते. ती स्टोव्हपुढं बसते, भिंतीला पाठ लावून. पळी हातात आहे.

"पंगती उठवून, भांडी घासून घरी यायला मला किती वेळ व्हायचा, तुला तर ठाऊक आहे. रेणू उपाशीच झोपलेली असायची. दुसरं काय करणार? येसर कालवायचं, आमटी स्टोव्हवर ठेवायची. उकळी आली की तिला उठवून वाढायची, एवढंच डोक्यात."

"मग?"

"मग काय. स्टोव्हचा आवाज हा असा. ऊब अशी. पाठ टेकली की..."

ती थांबते. तिचे डोळे मिटत चाललेत. पळी हातातून घसरून फरशीवर पडते, आवाज मात्र होत नाही. पातेल्यात आधी बुडबुडे, मग जाड बुडबुडे, मग तो वास. मला कोणी सांगायला नको. येसर तळाशी बसून धरायला लागलं की पहिल्यांदा लसणाचा कडू वास येतो, मग डाळीचा धुरकट. माझा हात आपोआप पळीकडं जातो. आयुष्य गेलं माझं ह्यात, आमटी बुडाला लागताना मला बघवत नाही.

"राहू दे," प्रयाग डोळे न उघडता म्हणते.

"अगं लागली!"

"रोज लागायची, गोदे. एक दिवस धड उतरली नाही. लोकांच्या लग्नात एवढाली पातेली सांभाळली मी, कधी कुणाला करपल्याचा वास येऊ दिला नाही. आणि घरी पोरीला रोज लागलेली आमटी खाऊ घातली. वरवरची वाढायची, तरी वास कुठं लपतो? लेकरू कधी काही बोललं नाही. झोपेतच जेवायचं. तिला वाटायचं, आमटी असलीच असती."

 लसूण सोलताना हिनं आपल्या आमटीचं केवढं कौतुक सांगितलं होतं. आम्हाला करून घालायची ती तर देखणी, एकसारखी, तवंग कसा वर.

"आम्हाला कधी बोलली नाहीस."

"काय सांगू तुम्हाला? आचाऱ्यांच्या पंगतीत बसून, की माझ्या घरी रोज करपतं?" तिच्या डोळ्यांतून पाणी येतंय. "तू तिला सांगू नको हां. आई चांगली करायची असंच तिच्या मनात राहू दे. तेवढं तरी चांगलं राहू दे माझं."

"नाही सांगत."

"शपथ घे."

"घेतली बाई."

ती पळी उचलते, तळापासून घालते. आम्ही चाखायला घेतो तसा मी हात पुढं करते. ती माझ्या तळव्यावर आमटी सोडते. चांगली कढत आहे. चटका बसतो तरी मी हात मागं घेत नाही, तिचा हात माझ्या हाताखाली आहे, तिनं तो धरून ठेवलाय. किती दिवसांनी. मी म्हणते, "प्रयाग, तुझी फार आठवण येते गं. नव्या बाईच्या पोळ्या वातड होतात, आणि तिच्याशी भांडायला पण मजा येत नाही." ती हसते. पंगतीतले पाण्याचे पेले एकामागून एक भरलेले दिसतात, आणि बाहेर खुर्च्या पुन्हा वाजायला लागतात.

मी डोळे उघडते. पोतं, कोठी, पत्र्यावर ऊन. उजवा तळवा हुळहुळतोय. मी बघते, तर मधोमध तांबूस डाग आहे, ओला, आणि त्यात करपलेल्या पिठाचा बारीक काळा कण. मी जिभेवर घेते. कडसर, धुरकट, आणि त्यामागून खोबऱ्याची गोडी.

मी हात धुवायला जात नाही. उठते, छोटं पातेलं घेते, फोडणी देते, येसर कालवून घालते. आणि आच ठेवून समोर स्टुलावर बसते, हात पदरात बांधल्यासारखे. नागनाथ धावत येतो. "गोदाबाई, लागायली की! हलवा, झोपलात का काय?"

"लागू द्या."

तो माझ्याकडं असा बघतो, जसं काही मला वेडच लागलंय. पाच माणसांनी येऊन सांगितलं. नवी पोळीवाली तर नाकाला पदर लावून गेली. मी बसून राहते. माझ्या हातची लागलेली आमटी आजवर कुणी बघितली नव्हती, आज सगळ्या कार्यालयाला वास गेला. जाऊ दे.

तो वास वर नवरीच्या खोलीपर्यंत गेला. रेणुका दारात येऊन उभी राहते. अर्धी वेणी घातलेली, अर्धे केस मोकळे, एका हातात चुडा.  मी वाटी भरते. ती उभ्यानंच पिते, सगळी पिते, आणि वाटी पुढं करते. मी परत वाढते. तिच्या हळदीच्या गालांवरून पाणी ओघळतंय आणि ती पुसतही नाही.

"काय घातलंस मावशी ह्या वेळी?"

शपथ घेतलेली आहे. मी म्हणते, "काही नाही गं. जरा डोळा लागला माझा, तेवढ्यात धरली खाली. नको खाऊ, दुसरी करते."

ती वाटी छातीशी धरते.

"आईचा पण लागायचा," ती म्हणते. "मी जागीच असायचे गोधडीत. वास यायचा. पण तिला उठवलं असतं तर ती पुन्हा कामाला लागली असती. आमटी लागली तर लागू दे म्हणायचे मी, तेवढीच झोप होती तिला."