आमेन म्हणेपर्यंत

भिकुबाई चर्चमध्ये डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. एरंडोलच्या आमच्या छोट्या मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं, कारण प्रार्थना चालू असताना कोणी ना कोणी बाई एक डोळा किलकिला करून तिच्याकडे बघायचीच. चोरून बघणाऱ्या साळसूद आणि उघड बघणारी तेवढी गुन्हेगार, असा आमचा न्याय.

चर्च झाडणं, सतरंज्या अंथरणं आणि रविवारी घंटा वाजवणं हे तिचं काम. नवरा उखर्डू विटांची बैलगाडी हाकायचा. स्वतः त्याने बाप्तिस्मा घेतला नाही, पण तिला अडवलंही नाही. १९८४ साली तिची बाप्तिस्म्याआधीची शिकवणी माझ्याकडे आली. मी शाळेत मास्तरीण, मंडळीत सगळे प्रमिलाबाई म्हणत. भिकुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती विचारायची, आणि मला उत्तरं देण्याची हौस दांडगी.

चपला बाहेर काढायच्या का? काढ, सतरंजी मळत नाही. गुडघे टेकलेच पाहिजेत का? दुखत असतील तर राहू दे. नारळ नाही, उदबत्ती नाही, मग आपण आलो हे देवाला कळतं कसं? डोळे मिटले की कळतं, मी म्हणाले. आणि मध्येच उघडले तर?

"आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. काही झालं तरी. प्रार्थना मोडते."

हे मी कुठेही वाचलं नव्हतं. रविवारच्या शाळेत पोरं चुळबुळ करायची, त्यांना गप्प बसवायला मी हे सांगायचे. तेच बिनदिक्कत तिलाही सांगून टाकलं.

दोन वर्षांनी, ऐन वैशाखात, उखर्डू काविळीने गेला आणि त्यानंतर भिकुबाई डोळे मिटेना. उखर्डूने तिला धरलंय, अशी कुजबुज सुरू झाली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण एका रविवारी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबत चालली होती. भिकुबाई दाराजवळच्या मोकळ्या कोपऱ्याकडे टक लावून बसली होती. मध्येच तिने मान वळवली, कोणीतरी हाक मारावी तशी, आणि उठायला गेली. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार. कोपऱ्यात काही नव्हतं, हे मी दोनदा बघून घेतलं. दोनदा का बघितलं, ते मला सांगता येणार नाही.

बाहेर पडताना तिने विचारलं, "बाई, मरेल मानूससाठे प्रार्थना चालस का?"

"नाही चालत. जिवंत असताना करायची असते."

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं.

१९८८च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी मी गाण्याची पुस्तकं घ्यायला चर्चमध्ये गेले. खान्देशात त्या दिवशी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आमच्या मंडळीत ती प्रथा सोडलेली. आणि चर्चच्या मागे, कडुनिंबाखाली, कोरी घागर काठोकाठ भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, पलीकडे भिकुबाई बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"हे आपल्यात चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक शे. पन त्याले तहान लागेल शे, बाई. मी डोया मिटात का तो पानी मांगस."

मग तिने सांगितलं, अगदी सावकाश. उखर्डू बाजेवर पडला होता. ती उशाशी बसून, डोळे मिटून, त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. त्याने पाणी मागितलं. तिला ऐकू आलं. त्याने परत मागितलं.

"मी मनमा म्हनं, आमेन व्हऊ दे, मंग पाजसू. मी घाई करी नही. बठ्ठी प्रार्थना नीट करी. डोया उघाडात तवय तो गयेल व्हता."

गप्प बसावं, असं फार वाटलं. ती मला दोष देत नव्हती. तिच्या लेखी ती देवाची आज्ञा होती आणि तिने ती पाळली होती. पण ती दोन वर्षं रोज त्या बाजेशी बसलेली होती, आणि खरं कळलं तर सुटेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"भिकुबाई, तसा नियम नाही," मी म्हणाले. "मध्ये डोळे उघडले असतेस, उठून पाणी पाजलं असतंस, तरी देवाला चाललं असतं. ते मी सांगितलं होतं. माझ्या मनाचं."

ती रडली नाही, चिडली नाही. तिने डांगर उचलून बाजूला ठेवलं.

"मी त्याले रोज सांगस, देवसाठे थांबनू, रागे भरू नको," ती म्हणाली. "आते काय सांगू? मी कोनासाठे थांबनू, बाई?"

तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मी तिथून निघाले तेव्हाही ती तशीच माझ्याकडे बघत होती.